नऊ लाखांची बॅग आणि बदलापूरची गाडी

६ ऑक्टोबर २०२४. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाची महाअंतिम फेरी. सत्तर दिवसांत एकेक जण गळत जाऊन घरात सहा जण उरले होते: सूरज चव्हाण, अभिजीत सावंत, निक्की तांबोळी, धनंजय पोवार, अंकिता प्रभू वालावलकर आणि जान्हवी किल्लेकर. त्यांच्यापुढे पैशांची बॅग आली. ज्याला हवी त्याने घ्यावी आणि ट्रॉफीवर पाणी सोडावं. नऊ लाखांवर जान्हवीने बॅग उचलली आणि ती घराबाहेर पडली. त्याच रात्री बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज जिंकला. त्याला रोख मिळाले १४ लाख ६० हजार.

म्हणजे पहिल्या आणि सहाव्या नंबरात पाच लाख साठ हजारांचा फरक. मधल्या चौघांना ही बॅग मिळाली नाही.

त्याआधीच्या, चौथ्या पर्वात हेच झालं होतं. ८ जानेवारी २०२३ च्या अंतिम फेरीत पाच जण होते. राखी सावंतने नऊ लाख घेतले आणि ती मोकळी झाली. अक्षय केळकर विजेता ठरला, त्याला मिळाले १५ लाख ५५ हजार. अपूर्वा नेमळेकर उपविजेती ठरली. टाळ्या तिच्यासाठी जास्त वाजल्या असतील, पण नऊ लाख राखीकडे गेले.

अंबरनाथच्या एमआयडीसीत खतावणी सांभाळणारा कुणीही हा हिशेब दोन मिनिटांत मांडून देईल. सहा जणांना जिंकण्याची संधी सारखीच आहे असं धरलं, तरी १४ लाख ६० हजारांत एकाच्या वाट्याची किंमत अडीच लाखसुद्धा भरत नाही. हातात नऊ लाख रोख असताना त्या अडीच लाखांच्या आशेवर कोण बसेल? आणि आपल्याला मतं कमी पडणार, याची कुणकुण लागलेली असेल तर प्रश्नच मिटला. तरीही दोन्ही वेळा चर्चा रंगली ती ‘ट्रॉफी सोडली’ याचीच. घरात आठवडेच्या आठवडे भांडून, रडून, नॉमिनेशनच्या टांगत्या तलवारीखाली झोपून काढलेली बाई शेवटच्या तासाला ‘मैदान सोडणारी’ ठरते, हा प्रेक्षकांचा न्याय अजब आहे. घरात राहण्याचं मानधन आठवड्याच्या बोलीवर ठरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण राहण्यासाठी पैसे घेतले तर ती जिद्द आणि जाण्यासाठी घेतले तर कच खाल्ली, असा काहीतरी अलिखित नियम आहे.

या कार्यक्रमांत कोण सोडतो आणि कोण टिकतो, याचं उत्तर लोक माणसाच्या स्वभावात शोधतात. अमुक चिवट, तमुक लेचापेचा. नीट पाहिलं तर स्वभावाइतकंच, कधी त्याहून जास्त, महत्त्व दाराला असतं. दार कुठे आहे, ते कोण उघडतं आणि बाहेर पडल्यावर काय मोजावं लागतं. प्रत्येक कार्यक्रमाने हे दार वेगळ्या ठिकाणी बसवलं आहे.

मराठी घरातलीच आणखी दोन दारं पाहू. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात कीर्तनकार शिवलीला पाटील आत गेल्या. कीर्तन करणारी मुलगी अशा घरात कशी, यावरून वारकरी मंडळींत नाराजी होती. थोड्याच दिवसांत प्रकृतीच्या कारणाने त्या बाहेर आल्या आणि घरात गेल्याबद्दल त्यांनी माफीही मागितली. म्हणजे त्यांच्या बाबतीत गुन्हा ठरला तो आत जाण्याचा. बाहेर येणं ही सुटका होती. चौथ्या पर्वात तेजस्विनी लोणारीचा मामला अगदी उलटा. ती जिंकणाऱ्यांत मोजली जात होती. टास्कमध्ये हाताला दुखापत झाली, डॉक्टरांनी खेळायला मनाई केली आणि तिला निघावं लागलं. तिची राहायची तयारी होती, पण डॉक्टरांपुढे जिद्द चालत नाही. दोघींच्या नावापुढे नोंद एकच: पर्व अर्ध्यावर सोडलं.

‘बिग बॉस’च्या घरापलीकडचा, निर्जन बेटावर टिकायचा खेळ मुळात आला स्वीडनहून. १९९७ साली तिथल्या टीव्हीवर ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ सुरू झाला, त्याचंच अमेरिकी रूप म्हणजे २००० सालचं ‘सर्व्हायव्हर’.    निर्जन बेट, दोन टोळ्या, मूठभर तांदूळ, आग पेटवायची आपली आपण, आणि ठरावीक दिवसांनी मतदान करून एकाला हाकलायचं. जो जातो त्याची मशाल सूत्रसंचालक जेफ प्रोब्स्ट विझवतो. २०१२ मध्ये स्टार प्लसने हिंदीत ‘सर्व्हायव्हर इंडिया’ केलं, फिलिपिन्समधल्या कारामोआनला नेऊन. एक कोटीचं बक्षीस राज रानीने जिंकलं. पण आपल्याकडे तो प्रकार रुजला नाही. कदाचित उपाशी माणसं बघण्यात आपल्या प्रेक्षकांना फारसं नवल वाटलं नसेल. भांडणारी माणसं मात्र चालली.

अमेरिकी ‘सर्व्हायव्हर’ने स्वतःहून सोडणाऱ्यांना सुरुवातीपासून वाईट वागवलं. २००३ च्या पर्ल आयलंड्स पर्वात ऑस्टेन टेलर नावाचा धिप्पाड गडी शरीर साथ देत नाही म्हणून निघाला, तेव्हा प्रोब्स्टने त्याची मशाल रिवाजाप्रमाणे विझवली नाही, जमिनीवर आडवी टाकली. हरलेल्याला निरोप मिळतो, सोडणाऱ्याला तेवढाही नाही.

पण २०१० च्या निकाराग्वा पर्वातला प्रसंग त्याहून बोलका. पाऊस थांबत नव्हता, तांदूळ संपत आला होता. नाओंका मिक्सन आणि केली शिन या दोघींनी आता बस झालं, घरी जायचं, असं ठरवलं. त्याच दिवशीच्या स्पर्धेत जिंकलेल्या चमूला बाहेर नेऊन पोटभर खायला घालायचं होतं, आणि त्या चमूत नाओंकाही होती. प्रोब्स्टने प्रस्ताव ठेवला: जिंकलेल्यांपैकी एकाने आपली मेजवानी सोडली, तर सगळ्या तळाला ताडपत्री आणि तांदूळ देतो. सगळ्यांची नजर नाओंकाकडे. ती तर निघालेलीच होती. ती हलली नाही. शेवटी हॉली हॉफमन नावाच्या बाईने आपलं ताट सोडलं. तीच हॉली पर्वाच्या सुरुवातीला घरी जायचं म्हणून रडत होती आणि सहकाऱ्याने समजूत काढली म्हणून राहिली होती. नाओंका जेवून आली आणि मग दोघी स्पर्धा सोडून गेल्या. वर नियमाप्रमाणे विजेता निवडणाऱ्या ज्युरीतही बसल्या. प्रेक्षक एवढे खवळले की पुढे स्वतःहून सोडणाऱ्याला ज्युरीत घ्यायचं की नाही, हा अधिकार निर्मात्यांनी आपल्याकडे घेतला.

राग आला तो नक्की कशाचा? घरी गेली याचा की जेवून गेली याचा? मराठी माणसाला दुसरं कारण चटकन पटेल. पंगतीतून उठायचं तर ताटावर बसायच्या आधी उठावं.

सोडण्याची एक तिसरीच जात २००५ च्या पलाऊ पर्वात दिसली. शेवटचे तिघे उरलेले. समुद्रात तरंगणाऱ्या बोयावर जो शेवटपर्यंत राहील तो अंतिम फेरीत, आणि अंतिम फेरी म्हणजे दहा लाख डॉलर हाकेच्या अंतरावर. इयान रोझेनबर्गर आणि टॉम वेस्टमन जवळजवळ बारा तास उभे होते. रात्र झाली. इयानने आधीच्या दिवसांत मित्रांशी केलेली लबाडी त्याला खात होती. पाय शाबूत असताना, हरलेला नसताना तो खाली उतरला आणि आपली जागा तिघांतल्या तिसऱ्या केटीला द्या म्हणाला. टॉम जिंकला. इयानचं काय करायचं, हे त्या कार्यक्रमाच्या चाहत्यांना आजवर ठरवता आलेलं नाही. जिद्द म्हणावी तर बारा तास उभा होता, सोडलं म्हणावं तर कुणी ढकललं नव्हतं.

आणि मग २०१५ मध्ये आला ‘अलोन’. त्यात मतदान नाही, टोळ्या नाहीत, सूत्रसंचालक नाही, कॅमेराही स्वतःच धरायचा. कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर दहा जणांना एकमेकांपासून लांब सोडलं. प्रत्येकाकडे एक सॅटेलाइट फोन. फोन केला की बोट येणार आणि तुमचा खेळ संपणार. बाकीचे किती उरलेत, हे कुणालाच कळत नाही. पहिला माणूस पहिल्याच रात्री अस्वलाच्या धास्तीने परतला. ॲलन के छप्पन्न दिवस राहिला आणि पाच लाख डॉलर जिंकला. दुसरा आलेला सॅम लार्सन निघाला पंचावन्नाव्या दिवशी. एक दिवस अजून थांबला असता तर? पण त्याला ठाऊक कुठे होतं की समोर एकच उरलाय? या कार्यक्रमात दार चोवीस तास उघडं असतं आणि चावी तुमच्याच खिशात असते. अनेकांना भुकेपेक्षा एकटेपणा पळवून लावतो. पोरांची आठवण येते आणि फोन उचलला जातो. गंमत म्हणजे इथे सोडणाऱ्याला कुणी भित्रा म्हणत नाही. दहातले नऊ जाणारच असतात, त्यामुळे जाणं ही रीत ठरते.

आपल्याकडच्या ‘खतरों के खिलाडी’त या दाराचं नाव ‘अबॉर्ट’. उंचावर, पाण्याखाली किंवा सापांच्या पेटीत असताना हा शब्द उच्चारला की स्टंट तिथेच थांबतो. सूत्रसंचालक रोहित शेट्टींना तो शब्द आवडत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण त्यांचा खरा पारा चढला तो २०२४ च्या चौदाव्या पर्वात, जेव्हा स्पर्धक आसिम रियाझ म्हणाला की हा स्टंट होण्यासारखाच नाही. निर्मात्यांच्या माणसांनी तोच स्टंट करून दाखवला, वाद वाढला आणि आसिमला कार्यक्रमाबाहेर काढलं. जमत नाही म्हटलं असतं तर फार तर एक फेरी गेली असती. जमणारच नाही असं म्हटल्याने सगळंच गेलं. माणसाने हार मानलेली या कार्यक्रमांना चालते. खेळाच्या मांडणीवर बोट ठेवलेलं चालत नाही.

हे सगळं ज्या घरांत रात्री बघितलं जातं, त्यात कल्याणच्या पुढची घरं बरीच. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. रात्री टीव्हीवर ‘टिकेल की जाईल’ची पैज लावणाऱ्या माणसाला सकाळची गाडी पकडायची असते आणि त्या गाडीचेही स्वतःचे नियम आहेत, कुणी लिहून न ठेवलेले. अंबरनाथचा माणूस मुंबईला जायचं म्हणून आधी उलट दिशेची गाडी पकडून बदलापूरला जातो, कारण तीच गाडी परत फिरते आणि बसायला मिळतं. बदलापूरला फलाटावर उभा असलेला माणूस गाडी थांबायच्या आत बघतो, तर आतल्या जागा आधीच भरलेल्या. मग बाचाबाची, कधी ढकलाढकली, कधी पोलीस. चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीवर बसून दादरपर्यंत जाणारा, दोन बाकांच्या मधल्या जागेत उभा राहून ‘कुठे उतरणार?’ विचारत पुढची जागा आरक्षित करणारा, ठाण्याला उतरायचं म्हणून डोंबिवलीपासूनच दाराकडे सरकू लागणारा. युती, गटबाजी, पाठीत खंजीर, सगळं आहे. फक्त कन्फेशन रूम नाही.

आणि इथेही माणसं सोडतात. त्यांच्यासाठी कुणी मशाल विझवत नाही. बाळंतपणाची रजा संपते आणि फोर्टातल्या नोकरीवर परतायचं, तर बाळाला सकाळी सातला सोडून रात्री आठला बघायचं, हे गणित मांडून घरी बसलेल्या बायका या गावांत गल्लोगल्ली भेटतील. हिला जिद्द नव्हती, असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नाही. ‘सोडलीस ना, बरं केलंस’ म्हणतात. पुन्हा हिशेब तोच, नऊ लाखांच्या बॅगेचा. फक्त इथे बॅग कुणी देत नाही, उलट पगार जातो. म्हणून टीव्हीवरच्या जान्हवीला नावं ठेवणारा माणूस आपल्याच घरातल्या निर्णयाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघतो.

उल्हासनगरला तर सोडण्याचा अर्थ कुणी शिकवायला नको. ते गावच सोडून आलेल्यांचं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने उभारलेली कल्याण कॅम्पची बराकी वसाहत, तिथे फाळणीनंतर सिंधमधून सुमारे लाखभर निर्वासित आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं. कॅम्प एक ते कॅम्प पाच ही नावं मात्र आजही चालतात, पत्ता विचारला की कॅम्प नंबरच आधी सांगतात. घरदार, दुकानं, शेती टाकून आलेल्यांनी लोकलच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटं विकली, बायकांनी पापड लाटले, बराकीत एका पडद्यापलीकडे दुसरं कुटुंब अशी वर्षं काढली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद सगळ्या महाराष्ट्राने केला, पण विनोद करणाऱ्यांच्या घरातली जीन्स बहुधा तिथलीच होती. दरवर्षी १६ जुलैपासून झुलेलाल या सिंधी दैवताचं चालिहो सुरू होतं, चाळीस दिवसांचं व्रत. पावसात, उपासात चाळीस दिवस काढायचे, तेही दुकान सांभाळून. कॅमेरा नाही, एलिमिनेशन नाही. आजारी पडल्याने एखाद्याचं व्रत मोडलं, तर तो पुढच्या वर्षी धरतो.

२०१९ मध्ये हे व्रत चालू असतानाच या पट्ट्याने खरा कस बघितला. गोरेगावच्या चित्रनगरीत तेव्हा ‘बिग बॉस मराठी’चं दुसरं पर्व चालू होतं. २६ मेपासून आत गेलेल्यांना दोन महिने झाले होते, पुढे १ सप्टेंबरला अमरावतीचा शिव ठाकरे जिंकणार होता. २७ जुलै, शनिवार. शनिवार-रविवार म्हणजे सूत्रसंचालक महेश मांजरेकरांनी स्पर्धकांची हजेरी घ्यायचे दिवस, कोण राहणार, कोण जाणार याचे.

आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उभी राहिली. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. गाडीत सुमारे १,०५० प्रवासी, त्यांत नऊ गरोदर महिला. अंधार, बाहेर नुसता पाण्याचा आवाज, उजाडल्यावर बघावं तर चारी बाजूंना तपकिरी पाणी आणि डब्याच्या पायऱ्यांशी लाटा. खाण्याचं संपलेलं, पिण्याचं संपत आलेलं. अशा वेळी माणसाच्या मनात एकच येतं: उतरावं, चालत सुटावं. २६ जुलै २००५ च्या पुरात हजारो लोक रुळांवरून चालतच घरी गेले होते, ती आठवण चौदा वर्षांनीही ताजी होती. रेल्वे मात्र परत परत सांगत होती की गाडीतून उतरू नका, गाडीच सुरक्षित आहे, बचाव पथकं येतायत. लोहमार्ग सोडला की पाण्याखाली शेत आहे, ओढा आहे की विहीर, हे परक्या माणसाला कळायला मार्ग नव्हता.

इथे दार हात लावला की उघडणारं होतं, आणि त्यातून बाहेर न पडणं हेच शहाणपण होतं. हे ‘सर्व्हायव्हर’ला सुचलेलं नाही. तिथे बसून राहण्यात काही नाट्य नसतं. गाडीत बसून राहिलेल्यांपैकी कुणी जिद्दीने राहिलं, कुणी भीतीने, कुणी शेजारचा हलत नाही म्हणून. त्यातलं काय कुणाचं, हे वेगळं काढता येणार नाही आणि त्याची गरजही नाही.

सकाळपासून एनडीआरएफच्या होड्या, नौदलाचे पाणबुडे, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं कामाला लागली. चामटोलीसारख्या गावांतले लोक वाटा दाखवत होते, कारण पाण्याखाली बांध कुठे आहे हे त्यांनाच माहीत. आधी बायका-मुलं, म्हातारी माणसं, मग बाकीचे. दुपारपर्यंत सगळी गाडी रिकामी झाली. एकही जीव गेला नाही. सगळ्यांना बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात नेलं, तिथे डॉक्टर थांबले होते, जेवण तयार होतं. टीव्हीच्या बातम्यांत दिवसभर तीच दृश्यं.

त्याच वेळी बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यात, रमेशवाडीत लोक तळमजल्यावरच्या घरांतून गाद्या, टीव्ही, मुलांची दप्तरं वर चढवत होते. नदीकाठच्या त्या वस्त्यांत पाणी २००५ मध्ये आलं होतं, २०१९ ला आलं, २०२१ ला पुन्हा आलं. दर वेळी ‘आता इथून निघायचं’ असं बोललं जातं. मग घराला गिऱ्हाईक कोण मिळणार, आणि त्या पैशात कल्याणच्या अलीकडे काय येणार, असा हिशेब निघतो आणि चिखल काढायला सुरुवात होते.

महालक्ष्मीच्या प्रवाशांसाठी रेल्वेने कल्याणहून एकोणीस डब्यांची खास गाडी सोडली. कर्जतकडचा मार्ग बंद असल्याने ती मनमाडमार्गे कोल्हापूरला निघाली.